सहा पोती वाळू

त्या वर्षी वाऱ्याने पाठ फिरवली. सकाळी यायचा तो लांबच्या पाहुण्यासारखा, दारातूनच चौकशी करून जायचा. आणि दुपार कलायच्या आत असा पडायचा की पाण्यात डोलकाठीची सावली ओळंब्यासारखी सरळ. शिडाची होडी म्हणजे वाऱ्याच्या भरवशावरचा संसार. वारा नसला की वल्ही, आणि वल्ही म्हणजे अंगातलं तेल.

खाडीच्या या काठावरून त्या काठाला विटा, कौलं, धान्याची पोती, गवताचे भारे आणि निकडीची माणसं न्यायची, हे तांडेलाच्या घरचं बावीस वर्षांचं काम. तांडेल पुढे शिडाशी, बायको मागे सुकाणूवर, आणि मधे माल. सगळा धक्का तिला तांडेलीण म्हणायचा. दोघांच्या मधे वीस-बावीस हातांचं अंतर आणि वाऱ्याचा आवाज, त्यामुळे होडीवर बोलणं फारसं व्हायचं नाही. ती सुकाणू धरून देवाचं काहीतरी गुणगुणत असायची. तो दोरी ओढायचा. बावीस वर्षांत भांडणं झाली ती सगळी घरी झाली, पाण्यावर एकही नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी, होडीतला मालाचा खण विटांनी भरलेला असताना, खाडीच्या तोंडाशी वारा पडला आणि ओहोटी होडीला खडकांकडे ओढायला लागली. दोघांनी वल्ही घेतली. तीन तास. दुसऱ्या तासात तांडेलिणीच्या उजव्या खांद्यातून ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तांडेलाने मागे वळून पाहिलं.

"पुढे बघा," ती म्हणाली, आणि वल्हं डाव्या काखेत धरून ओढत राहिली.

होडी वाचली, विटा वाचल्या, दोघंही वाचली. खांदा तेवढा गेला. शेक द्या, हात डोक्याच्या वर नेऊ नका, वल्ह्याला तर हातच लावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुकाणूचा दांडा कमरेपाशी असतो, तो तिला धरता येत होता. पण स्वतःची वेणी घालता येत नव्हती. मग सासूबाई घालून द्यायच्या. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, त्यामुळे वेणी रोज एका कानाकडे वाकडी जायची, आणि तांडेलीण ती तशीच मिरवत धक्क्यावर यायची. तांडेल त्या वाकड्या वेणीकडे पाहत राहायचा. देवाने त्याला दोन हात भक्कम दिले होते; आभार मानायला लागते ती जीभ द्यायची मात्र राहून गेली होती. तो आभार हातांनीच मानायचा. कधी घागर भरून ठेवायचा, कधी तिची चप्पल शिवून आणायचा.

आणि अशात पलीकडच्या काठावरून गिरणीवाल्याचा निरोप आला.

दोन वर्षांपूर्वी एका तुफानी सकाळी गिरणीवाल्याची बायको अडली होती. दुसरी कुठलीही होडी निघाली नाही. ही निघाली. शीड निम्मं गुंडाळून, तांडेलिणीने दोन्ही हातांनी सुकाणू छातीशी धरून तिला या काठाला आणली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आता गिरणीवर विजेची मोटर बसली होती आणि जुनं डिझेल इंजिन कोपऱ्यात पडून होतं. गिरणीवाला तांडेलाला म्हणाला, "विकायला गेलो तर भंगारात जाईल. त्यापेक्षा तुमच्या होडीत जाऊ दे. हे तुम्हाला नाही हं देत, ताईंना देतोय. ज्या हाताने सुकाणू धरलं, त्या हाताला आता वल्हं नको."

तांडेलाने इंजिनाकडे पाहिलं. काळं, बुटकं, बाजूला दगडी जात्याएवढं चाक, आणि फटीफटीत वर्षानुवर्षांचं पीठ बसून कडक झालेलं. त्याने हात जोडले ते गिरणीवाल्याला की इंजिनाला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

आता प्रश्न एकच उरला. ते ठेवायचं कुठे?

शहरातून मिस्त्री आला. बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल, बोलणं तोडल्यासारखं. त्याने होडी पुढून मागे एकदा चालून पाहिली आणि पिछाडीच्या फळीवर, म्हणजे तांडेलीण जिथे बसायची तिथेच, पाय आपटला.

"इथे. खाली बसवू. मागच्या उभ्या खांबाला भोक, शाफ्ट सरळ बाहेर, टोकाला पंखा. जितका शाफ्ट आखूड तितकी कटकट कमी. मोठ्या भरतीला होडी वर ओढून ठेवा, मी सहाव्या दिवशी येतो. भोक एकदा पडलं की माझं काम एका दिवसाचं."

"आणि एकदा पडलं की बुजत नाही," शेजारी उभा असलेला सुतार म्हणाला. हा तांडेलाचा मेहुणा, तांडेलिणीचा धाकटा भाऊ. होडी त्याच्याच बापाने बांधलेली. "तो खांब म्हणजे होडीचं माकडहाड आहे, मिस्त्री. त्याला भोक पाडलं तर ती बसेल कशी?"

"होडी बसत नाही, तरंगते," मिस्त्री म्हणाला आणि गेला.

तांडेलाला मिस्त्रीचं पटलं होतं. त्याची कारणं दोन. एक त्याने मेहुण्याला सांगितलं, की मालाचा खण मोकळा राहतो. दुसरं कोणालाच सांगितलं नाही. मागे इंजिन आलं म्हणजे बायकोला मागे बसायला नको. सुकाणू आपण धरू, शिडाला एखादा गडी घेऊ, आणि ती घरी सावलीला राहील. बावीस वर्षं ऊन खाल्लं तिने. हे त्याच्या मनातलं देणं होतं, आणि ते कधी एकदा देतो असं त्याला झालं होतं.

"दाजी, बाबांची रीत विसरू नका," मेहुणा म्हणाला. "होडीत जे कायमचं ठेवायचं, ते आधी वाळूने ठेवून बघायचं."

सासऱ्यांची ती रीतच होती. नांगर असो, पाण्याची टाकी असो, तितक्या वजनाची वाळू पोत्यांत भरायची, जागेवर ठेवायची, होडी पाण्यात काय म्हणते ते पाहायचं. वाळू फुकट असते आणि तिला खिळे लागत नाहीत, असं ते म्हणायचे. इंजिन तीनशे किलोचं, म्हणजे पन्नास-पन्नासची सहा पोती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी वाळू भरली. तांडेलीण डाव्या हाताने पोत्याचं तोंड धरायची, तांडेल फावडं मारायचा, मेहुणा सुतळीने शिवायचा. वाळू ओलसर होती, पोती गोणपाटाबाहेर घाम सोडत होती. एकेक पोतं पाठीवर घेऊन फळीवरून होडीत न्यायचं, तर पाचव्याला तांडेलाचे गुडघे लटपटले.

"वय झालं, दाजी."

"वय नाही रे, तुझ्या बहिणीच्या हातचं जेवण जास्त झालं."

"बघ ग ताई, म्हणे तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे काय काय होतं याची यादीच करून ठेवा," तांडेलीण म्हणाली.

सहावं पोतं चढलं. तांडेल तिला म्हणाला, "तू काठावर थांब. खांद्याला धक्का नको. तिथून रेघ बघ." मेहुण्याने होडीच्या बाहेरून, पुढे आणि मागे, पाणी नेहमी जिथवर चढतं तिथे खडूने रेघा मारल्या होत्या. खणात निम्म्या विटा होत्या. तांडेल आणि मेहुणा उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, लाटा शांत होईपर्यंत श्वास धरल्यासारखे थांबले.

पुढची रेघ पाण्याच्या वर एक बोट. मागचीही एक बोट. अगदी समतोल.

"जमलं," तांडेल म्हणाला, आणि इतका खूश झाला की ओल्या अंगानेच बायकोसमोर जाऊन उभा राहिला. "अगं, तुझी सुटका झाली. इंजिन तुझ्या जागेवर बसतंय. आता तू घरी आराम कर."

तांडेलीण थोडा वेळ होडीकडे पाहत राहिली. "बरं," ती म्हणाली.

तिची बसायची फळी आडवी येत होती. मेहुण्याने ती काढली. जुने खिळे, एकेक ओरडत बाहेर आला. फळी मधोमध झिजून ताटासारखी खोलगट झाली होती. ती फेकायची की ठेवायची, या विचारात मेहुणा असताना तांडेलीण पुढे आली, फळी डाव्या काखेत घेतली आणि घराकडे चालू लागली. वेणी आज उजव्या कानाकडे होती.

घरी तांडेल अंगणात पाय धूत होता, तेव्हा आतलं बोलणं त्याला ऐकू आलं.

"काय आणलंस ग लाकडाचं?" त्याची आई विचारत होती. आंधळ्या माणसाचे कान तिखट.

"माझी जागा."

"होडीतली?"

"हो. तिथे आता इंजिन बसणार."

म्हातारी फळीवरून हात फिरवत असावी, तळहाताची खरखर बाहेर ऐकू येत होती. मग ती मुद्दाम बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "नवऱ्याने बायकोला घर बांधून दिलं, असं ऐकलं होतं. घरी बसवून दिलं, हे आजच ऐकते."

तांडेलाने तांब्या खाली ठेवला. त्याला राग आला. आपण एवढं मनात धरून काहीतरी द्यावं आणि घेणाऱ्याने तोंड फिरवावं, तसं त्याला वाटलं. जेवताना त्याने दोनदा पाणी मागितलं, तिने दोनदा दिलं. तिसरं काही बोलणं झालं नाही. फळी भिंतीला टेकवून उभी होती, घरात नवा पाहुणा आल्यासारखी.

पाण्यावर होडी समतोल दिसणं वेगळं आणि शिडाखाली चालणं वेगळं. त्यामुळे चौथ्या दिवशी सकाळी तांडेल आणि मेहुणा वाळूसकट शीड लावून निघाले. तांडेल सुकाणूवर. बसायला फळी नाही, म्हणून पोत्यांवर उकिडवा. मेहुणा पुढे शिडाशी. लाकडात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण दोरी त्याच्या हातात आली की ती गाईसारखी त्यालाच ओढत न्यायची.

सरळ जाईपर्यंत सगळं ठीक होतं. वारा बेताचा, ओहोटी अर्ध्यावर. तांडेलाला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. होडी तीच, पाणी तेच, दोऱ्यांची करकर तीच, आणि तरी मांडवातला मृदंग थांबावा तसं काहीतरी थांबलेलं. काय ते त्याला सापडेना.

धक्क्यासमोरच्या चिखलाच्या उंचवट्याशी होडी नेहमी वळायची. तांडेलाने सुकाणू लोटलं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे निघाली, अर्धी वळली आणि अडली. एरवी ती तिथून सुळकन पलीकडे जायची. आज नाळ पाण्याच्या वर उचललेली, हलकी, वाऱ्याने तिला थप्पड मारून परत आणली.

"ओढ, दोरी ओढ," तांडेल ओरडला.

"कुठली?"

"डावी."

"माझी डावी की तुमची?"

तोवर होडीचा वेग संपला. ती आडवी वाहत गेली आणि बाजारला निघालेल्या म्हशीने वाटेत बसकण मारावी तशी चिखलावर जाऊन बसली. ओहोटीचं पाणी तिच्याखालून निघून गेलं.

धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं होती. बावीस वर्षांत तांडेलाची होडी चिखलावर बसलेली कोणी पाहिली नव्हती. कोणीतरी तोंडाशी हात धरून विचारलं, "तांडेल, इंजिन पोचायच्या आधीच बसली का?" हसणं पाण्यावरून स्वच्छ ऐकू येतं. तांडेलाने मान खाली घातली. दुपारची भरती येईपर्यंत सहा तास इथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

ऊन चढलं. चिखलाला वास सुटला. मेहुणा विटांच्या सावलीत निजायचं सोंग करत होता. अकराच्या सुमाराला काठावरून एक आकृती चिखलात उतरली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डाव्या हातात डबा, उजवा हात पोटाशी धरलेला. प्रत्येक पाऊल पोटरीपर्यंत आत जात होतं आणि ती ते न घाबरता, घाई न करता, बाहेर काढत होती. चिखल कुठे घट्ट आहे ते तिला पाठ होतं.

तांडेलाला वाटलं, आता ही बोलणार. बोलायला हवंच.

"जेवून घ्या," तांडेलीण म्हणाली. "गार होईल."

तिला वर घ्यायला त्याने हात दिला. ती पिछाडीला गेली, जिथे फळी नव्हती तिथे क्षणभर थबकली, आणि मग पोत्यांवर बसली. नेहमीसारखीच आडवी, डावीकडे तोंड करून, डावा हात सुकाणूकडे. आणि उजवा हात, बघायचीही गरज न पडता, होडीच्या उजव्या काठाशी असलेल्या दगडावर जाऊन टेकला.

या दगडाचं सांगायला हवं. होडी बांधताना चांगलं लाकूड कमी पडलं आणि सासऱ्यांनी डाव्या बाजूला जड जातीच्या फळ्या वापरल्या. पहिल्याच दिवशी होडी डावीकडे कलली. म्हातारा भर धक्क्यावर म्हणाला होता, "माझं चुकलं." आणि मग त्याने नदीतला एक गोटा आणून उजव्या काठाशी, लेकीच्या जागेच्या जरा पुढे बसवला. दोन माणसांनी उचलावा एवढा. होडी सरळ झाली. बावीस वर्षं तो दगड तिथे होता, आणि तिच्या तळहाताने वरून गुळगुळीत झाला होता.

जेवण झालं.  भरतीचं पहिलं पाणी चिखलाच्या रेषांतून सळसळत यायला लागलं. होडी अंग सोडवल्यासारखी हलली, मग पुरती तरंगली. तांडेल दोरी धरून खाली पाण्यात उभा होता. त्याची नजर सहज मागच्या खडूच्या रेघेवर गेली.

रेघ पाण्याखाली होती. चांगली दोन बोटं.

"अगं, जरा उतर."

"का?"

"उतर तर."

ती उतरली. रेघ वर आली.

"चढ."

ती चढली. रेघ बुडाली.

"उतर बघू परत."

"मी काय तराजूतलं माप आहे का?" तांडेलीण म्हणाली. पण उतरली.

मेहुण्याने डोक्याला हात लावला आणि मग हसायलाच लागला. "दाजी, आपण सहा पोती मोजली आणि सातवं काठावर उभं केलं होतं."

"पोतं कोणाला म्हणतोस रे?"

"तुलाच ग, ताई. आणि हे दाजी आठवं. त्या दिवशी होडी मोजली माणसांविना. आज दाजी मागे बसले आणि पुढे मी, चिपाडासारखा. नाळ वर जाणार नाही तर काय होणार?"

तांडेल पाण्यात तसाच उभा राहिला. लोकांच्या हसण्याने त्याला जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्या दोन बोटांनी लागलं. होडीतली प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा त्याने हिशेबात धरला होता. बायको एवढी रोजची होती की धरायची राहून गेली. देवाचंही माणूस असंच करतं. श्वास मोजत नाही, आणि मग म्हणतं, मला काय दिलंय.

"कोणीही सुकाणूवर बसलं, तरी होडी मागे झुकणार," तो हळूच म्हणाला. "म्हणजे इंजिन मागे नाहीच."

"मधे टाकलं तर खण गेला," मेहुणा म्हणाला.

 तांडेलीण पोत्यांवर बसून पाणी चढताना पाहत होती. तिचा हात दगडावर होता.

"दगड काढा," ती म्हणाली.

"काय?"

"या दगडाचं काम इंजिनाला द्या. माझ्या पुढे, खणाच्या मागे. एवीतेवी उजवीकडे वजन लागतंच ना."

"ताई, दगड ऐंशी किलोचा, इंजिन तीनशेचं. होडी उजवीकडे झोपेल."

"काठाशी ठेवलंस तर झोपेल. वाणी मोठा तराजू कसा धरतो? जड बाजू दांडीच्या मधाजवळ, हलकी लांब. दगड काठाशी आहे. इंजिन मधापासून वीतभर सरकव."

मेहुणा हसायचा थांबला. त्याने वीत टाकली, पुन्हा टाकली, मग होडीच्या तळाशी वाकून मागच्या खांबापर्यंत दोरी ताणली. वीतभर उजवीकडे म्हटल्यावर दोरी खांबाच्या बाजूने गेली. खांबाला न शिवता.

"भोकच नको," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "खांबाला हातच लागत नाही. शाफ्ट शेजारच्या फळीतून बाहेर जाईल. आतून जाड ठोकळा देतो." मग तो बहिणीकडे बघत राहिला. "बाबांनी कधी सांगितलं होतं तुला हे?"

"बाबांनी दगड ठेवला. बाकीचं बसून बसून कळलं."

तिघांनी पोती हलवली. तांडेलिणीने डाव्या हाताने कान धरून, दोघांनी पाठीने. दगड उचलून चिखलाच्या कडेशी उथळ पाण्यात अलगद ठेवला, खूण म्हणून त्यावर दोरी बांधली. मेहुण्याने एका पोत्यावर फडकं अंथरलं. तांडेलीण मागे बसली, तांडेल पुढे गेला. रेघा पुढे-मागे सारख्याच बुडाल्या. होडी ना डावी, ना उजवी.

त्या चिखलाच्या उंचवट्याशी तिने सुकाणू लोटलं. नाळ वळली, वाऱ्याशी भिडली, आणि दार उघडावं तशी पलीकडे गेली. धक्क्यावर अजून काही माणसं उभी होती. या वेळी कोणी काही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी मिस्त्री आला आणि खडूची नवी खूण पाहून त्याने पेन्सिल कानावरून काढली. "कोणी सांगितलं असं?"

"सुकाणूने," तांडेल म्हणाला.

"शाफ्ट दीडपट लांब लागेल. आणि पंखा एका बाजूला आला की होडी सारखी डावीकडे ओढणार."

"ओढू दे," तांडेलीण म्हणाली. "बावीस वर्षं ती डावीकडेच जायचं म्हणतेय. मला सवय आहे."

मिस्त्री शाफ्ट बदलून आणायला परत गेला, पाच दिवसांनी आला, आणि मग तीन दिवस काम चाललं. मेहुण्याने फळीतलं भोक हाताच्या गिरमिटाने पाडलं, दर दहा फेऱ्यांना थांबून, आजाऱ्याची नाडी पाहावी तसा बोट घालून पाहत. ठोकळा बसला, सांध्यात कापूस ठासला, त्यावर डांबर. खणाची मागची भिंत दोन हात पुढे सरकली. तेवढ्या विटा कमी बसतील, बसू देत. इंजिन आठ माणसांनी ओंडक्यावरून लोटत आणलं. ते चढवताना धक्क्यावरचे हसणारेच पहिले हात लावायला आले, आणि ज्याने इंजिन पोचल्याचं विचारलं होतं त्याची करंगळी चेंगरली. तांडेलिणीने ती गार पाण्यात धरली. "पोचलं हं आता," ती त्याला म्हणाली. तो कळवळतच हसला.

शेवटी फळी राहिली. तांडेल ती घरून स्वतः घेऊन आला. आईने ती तेल लावून पुसून ठेवली होती. त्याने मेहुण्याच्या हातून हातोडा घेतला आणि चारही खिळे स्वतः ठोकले. मग हाताने फळी दाबून पाहिली. इंजिनाला लाकडी खोकं केलं होतं, त्याची पाठ बरोबर फळीच्या उजव्या टोकाशी आली होती.

पहिली फेरी पलीकडच्या काठाची, मेहुणाही सोबत. इंजिनाचं हँडल फिरवायला तांडेलाचे तीन दम गेले, चौथ्याला ते खोकलं, आणि मग धाप लागल्यासारखं पण न थांबता चालू लागलं. वारा नव्हता. शीड गुंडाळलेलं होतं, आणि होडी चालली होती. तांडेल पुढे नुसता उभा होता. हातांना काही काम नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

अर्ध्या खाडीत इंजिन तापलं, आणि एक वास आला. तांडेलाला आधी भीती वाटली, काही जळतंय का. मग ओळख पटली. पीठ. इंजिनाच्या फटींत बसलेलं वर्षानुवर्षांचं पीठ भाजत होतं. सगळ्या होडीभर चुलीपाशी असतो तसा वास.

पलीकडे गिरणीवाला बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन पाण्यात गुडघाभर उतरून उभा होता. "कुठे ठेवलंत?" त्याने आधी तेच विचारलं.

"ताईच्या शेजारी," मेहुणा म्हणाला.

ती तिघं फेरी मारायला होडीत चढली. मुलगी सरळ तांडेलिणीच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिची वाकडी वेणी ओढू लागली. तांडेलीण नेहमीसारखी आडवी बसली होती, डावा हात सुकाणूवर, आणि उजवा खांदा खोक्याच्या कोमट पाठीला टेकवून.

"शेक मिळतो," ती गिरणीवाल्याला म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलाच होता. तुम्ही घरपोच दिलात."

गिरणीवाल्याने वाकून खोक्याला हात लावून पाहिला. 

त्या तिघांना त्यांच्या काठावर सोडून परत येताना दुपार कलली आणि कधी नव्हे तो वारा उठला. आधी पाण्यावर काटा आला, मग तांडेलाच्या मानेला गार लागलं. त्याने मागे जाऊन इंजिन बंद केलं. परत जाताना तो बायकोपाशी थांबला. काहीतरी म्हणायचं होतं.

"तुझ्यासाठीच करत होतो मी," तो म्हणाला. "मागे ठेवायचं, ते."

"माहीत आहे." ती पाण्याकडे बघत होती, पण हसत होती. "म्हणून तर बरं म्हटलं. न चिडता."

"दगड घरी नेऊ. दाराशी पायरी कमी आहे."

"न्या. आईंना चढायला बरं पडेल."

तो पुढे गेला, शीड सोडलं. कापड फडफडलं, भरलं, गप्प झालं. होडी एका अंगावर किंचित झुकून चालू लागली. इंजिनाच्या धडधडीनंतरची ती शांतता एवढी मोठी होती की तांडेलाला स्वतःचा श्वास ऐकू आला. आणि मग, वीस-बावीस हातांवरून, वाऱ्यातून तुटत तुटत, तिचं गुणगुणणं ऐकू आलं.

चिखलावर बसलो त्या दिवशी जे सापडत नव्हतं, ते हे.

तांडेलाने दोरी हाताला गुंडाळली आणि मागे वळून पाहिलं. पाहतच राहिला.

"पुढे बघा," ती म्हणाली.